चार पाऊण तीन

मित्रानं कोकणात घर बांधलं की त्याचा त्रास मित्राला कमी आणि मित्रमंडळींना जास्त होतो. मित्र वर्षातून दोनदा जातो. उरलेले दिवस ते घर ‘अरे, नुसतं पडून आहे, जा की!’ म्हणून आपल्या डोक्यावर असतं. आमच्या मित्राचं घर दापोली तालुक्यात, अंजर्ल्याला आहे. मागे नारळीपोफळीची बाग, पुढे खळं, म्हणजे अंगण, आणि बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर, एक गल्ली. गल्ली अशी की समोरून म्हैस आली तर गाडीनं मागे जायचं. म्हशीला मागे जायची सवय नाही.

आम्ही गेलो होळी झाल्यावर. मी, बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. या मेव्हण्याच्या मनगटावर एक घड्याळ असतं, ते वेळ सोडून सगळं सांगतं. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, आणि पुण्यात चालायचं म्हणजे पार्किंगमधल्या दुचाकींमधून वाट काढायची. म्हणून मित्रानं फोनवर फिरायच्या जागांची यादीच पाठवली होती. तिच्यात पहिल्या नंबरला लिहिलं होतं: ‘किनाऱ्यानं उत्तरेकडे चालत जा. शेवटी खडक लागतील, त्यांना वळसा घाल की पाडल्याचा किनारा. स्वर्ग आहे, स्वर्ग!’

घराची राखण करणाऱ्या तात्यांना मी विचारलं, ‘लांब आहे का हो?’

‘नाय वो भाऊ, जवलच हाय. पाच मिन्टं.’

कोकणातली पाच मिनिटं ही स्वतंत्र चीज आहे. दुकान पाच मिनिटांवर असतं, देऊळ पाच मिनिटांवर असतं, दापोलीसुद्धा जवळजवळ पाच मिनिटांवरच असते. सांगणारा खोटं बोलत नसतो. पायाखालची वाट असली की वेळ मोजायची कुणाला गरज पडत नाही, एवढंच.

‘फक्त ओहोटी बघून जावा,’ तात्या म्हणाले. आणि खळ्यात, सुपारी कातरत, त्यांनी मला ते सूत्र सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची. येईल तितके वाजता पूर्ण भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

आता मी छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. त्यात आमच्या वडिलांनी मला अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी औटकीपर्यंत घोकून घेतलेली. आयुष्यभर वाटायचं, हे कधी कामाला येणार? साठी उलटल्यावर, अंजर्ल्याच्या खळ्यात, पाऊणकीला चक्क काम मिळालं! मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणून बघितली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी होती. म्हणजे तीन.

तीन वाजता.

तीन वाजता काय, एवढाच तपशील झोपेत निसटला.

सकाळी नऊ वाजता मेव्हणा बूट घालून तयार होता. ‘दाजी, आत्ताच जाऊ या. उन्हाच्या आत परत येऊ.’

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. ‘गणित केलंय मी. ओहोटी तीनला आहे. दोनला निघायचं.’

तात्यांना विचारता आलं असतं. पण शिमगा चालू होता, देवाची पालखी वाडीत आली होती आणि तात्या सकाळपासून पालखीबरोबर होते. बायकोची संकष्टी होती. तिचा एकच आग्रह, की संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला जायचं. नुसतं फिरणं काय, रिकामपणाचं काम आहे, असं तिचं मत आहे. मेव्हण्याला हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा होता. पण संकष्टीच्या दिवशी घरात पापलेट हा शब्दसुद्धा काढायचा नाही, असं त्याला चहाच्या वेळीच सांगण्यात आलं.

दोनला निघालो. मार्चमधलं दोनचं ऊन म्हणजे डोक्यावर तवा धरल्यासारखं. पण सुरूच्या झाडांमधून बाहेर पडलो आणि समोर पसरलेली ती वाळू पाहून मी क्षणभर सगळं विसरलो. वाळूवर खेकड्यांनी बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्या, ओळीत, चांदणीसारख्या. आपण पाऊल उचलायच्या आत रांगोळी घालणारा बिळात गडप. दक्षिणेला, हर्णैसमोरच्या पाण्यात सुवर्णदुर्ग बसला होता. इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं हा किल्ला १७५५ साली घेतला, तोफा डागून. मी मोबाइलमध्ये घ्यायला गेलो, तर दर वेळी माझं बोटच आलं.

किनाऱ्यावर एके ठिकाणी जाळीचं कुंपण होतं. आत कासवांची अंडी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालून निघून जाते, आणि इथली माणसं ती जपतात. तिथल्या मुलानं सांगितलं, ‘सहाच्या सुमाराला या. पिल्लं वर आली असली तर सोडू.’

‘येतो की,’ मी म्हटलं. ‘पाच मिनिटांवर तर जातोय.’

खडकांपाशी पोचलो तेव्हा एक गोष्ट मला खटकायला हवी होती. ओहोटीच्या वेळी खडकांवर बायका असतात. डोक्याला फडकं बांधून, उकिडव्या बसून, लोखंडी अवजारानं ठकठक कालवं काढत असतात. आज एकही नव्हती. मी म्हटलं, शिमग्यामुळे असेल.

कालव म्हणजे काय, हे ज्यानं ते फक्त तळून खाल्लंय त्याला कळणार नाही. खडकाला चिकटलेली ती शिंपली वरून दगडासारखी दिसते आणि कडेला वस्तऱ्यासारखी असते. असा अख्खा खडकच्या खडक. हात टेकायची सोय नाही, आणि टेकल्याशिवाय पुढे जायची सोय नाही. आम्ही त्यावरून चाललो होतो, म्हणजे मी चाललो होतो असं मला वाटत होतं. मेव्हण्याच्या घड्याळाला मात्र वाटलं की मी पोहतोय. त्यानं तशी नोंद केली. घड्याळाला माझ्या पंधरा मिनिटं आधी कळलं होतं, हे आता कबूल करायला हवं.

भरती समोरून येते हा शहरी माणसाचा समज आहे. समोर लाटा आपापल्या जागी फुटत असतात, आपण कौतुकानं बघत असतो, आणि पाणी येतं मागून. दोन खडकांमधली जी सांद आपण मघाशी कोरड्या पायांनी ओलांडली, ती गुपचूप भरते. बायको म्हणाली, ‘अहो, मघाशी इथे वाळू होती ना?’

होती. आता तिथे घोट्याएवढं पाणी होतं. मी ‘लाट आली असेल, जाईल’ म्हणेपर्यंत ते गुडघ्याला आलं. उजव्या पायातल्या फ्लोटरचा पट्टा सुटला आणि तो फ्लोटर नावाला जागून तरंगत पाडल्याच्या दिशेनं निघाला. आमच्यापैकी पाडल्याला पोचलेला तेवढा एकच.

कंबरभर पाण्यात एक माणूस पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकत उभा होता. दोरी गोळा करता करता आमच्याकडे शांतपणे बघत होता. कोकणातल्या माणसाला दुसऱ्याच्या फजितीची घाई नसते.

‘भरती लागलीय,’ तो म्हणाला.

‘ओहोटी ना?’ मी विचारलं.

‘तुमच्यात ओहोटी म्हणत असतील,’ तो म्हणाला आणि पाग पुन्हा फेकला.

त्या क्षणी तात्यांचं वाक्य मला अख्खं आठवलं. सुपारीच्या कातरण्याच्या आवाजासकट आठवलं. गणित बरोबर होतं. चार पाऊण तीनच. फक्त ते समुद्र यायचे तीन होते, जायचे नव्हते. ओहोटी सकाळी नऊला होऊन गेली होती, जेव्हा मेव्हणा बूट घालून उभा होता आणि मी त्याच्याकडे दयेनं पाहत होतो. तो आता माझ्याकडे कसा पाहत होता, ते मी लिहीत नाही.

पागवाल्यानं हनुवटीनं एक घळ दाखवली. ‘हितनं वर जावा. सड्यावर निघाल. मग जवलच हाय.’

घळ आम्ही चार पायांवर चढलो. मी तीन, कारण एका हातात उरलेला फ्लोटर होता. तो टाकवत नव्हता, नवा होता. वर निघालो तर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं काळंतांबूस पठार, दुपारभर तापलेलं, सावलीला म्हणून करवंदीच्या जाळ्या. पावसाळ्यात इथे हिरवागार गालिचा असतो म्हणतात. मार्चमध्ये त्या गालिच्याची कुसळं होतात. उघड्या तळव्याला आधी चटका बसे, मग कुसळ लागे. कुसळ मोज्यात शिरलं की बाहेरून दिसत नाही, आतून थांबत नाही. दर वीस पावलांना एक बसकण. बायको उपाशी, तरी पुढे. ती एकदाच बोलली.

‘पलीकडे मुरूड आहे ना, महर्षी कर्व्यांचं? परीक्षेसाठी पोरवयात तिथून साताऱ्याला चालत गेले होते. शंभर मैलांच्या वर. भर पावसात.’

‘आणि तिथे काय झालं? वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही,’ मी म्हटलं. चालण्याचा उपयोग होत नसतो, हा माझा मुद्दा होता.

‘तुम्हाला बसू दिलं असतं,’ ती म्हणाली.

पुढे काजूची बाग लागली, मग एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्याच्या आत एक कुत्रा, कुत्र्यामागून एक आजी. गणपतीचं देऊळ कुठे विचारलं, तर ‘जवलच हाय’. अर्ध्या तासानं एक सायकलवाला पोरगा भेटला, ‘जवलच हाय’. त्यानंतर मी विचारणं सोडलं. सहा वाजून गेले. खाली किनाऱ्यावर त्या जाळीपाशी माणसं जमलेली असणार. ज्यांना जन्मून दिवससुद्धा झाला नाही, ती पिल्लं वाळूवर ठेवली की उजेडाच्या दिशेनं सरळ समुद्राकडे निघतात. त्यांना कुणी पाऊणकी शिकवलेली नसते.

देवळात पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. संकष्टीची गर्दी होती आणि त्या गर्दीत एका पायात फ्लोटर, एक पाय अनवाणी असा मी. एका बाईंनी बायकोला हळूच विचारलं, ‘नवस आहे का?’ बायको ‘हो’ म्हणाली. बाईंनी मला वाट करून दिली.

दर्शन झाल्यावर कुणीतरी गणपतीचं पाऊल दाखवलं. मूळ देऊळ खाली समुद्रकाठी होतं, समुद्र पुढे सरकायला लागला तेव्हा देव कड्यावर आला आणि येताना वाटेत त्यानं जिथे पाऊल टेकवलं ती ही जागा, अशी गोष्ट सांगतात. मला एकदम बरं वाटलं.

‘बघ,’ मी बायकोला म्हटलं, ‘देवालासुद्धा पाणी आल्यावर वर यावं लागलं.’

‘त्याचं एका पावलात झालं,’ ती म्हणाली.

गावात उतरायचं ते पाखाडीनं. पाखाडीच्या पायऱ्या घडवणाऱ्यानं एकसारख्या दोन केल्या तर पाप लागतं अशी काही शपथ घेतली असावी. एक वीतभर, पुढची हातभर, तिसरी नाहीच. वद्य चतुर्थीचा चंद्र उगवायला साडेनवाच्या पुढे, तोवर मोबाइलचा टॉर्च. मेव्हण्यानं मला दंडाला धरून उतरवलं आणि वाटेत एकदाही ‘सकाळी नऊला’ हे शब्द उच्चारले नाहीत. हे त्याचं मोठेपण मी मान्य करतो. घरी आल्यावर त्याच्या घड्याळानं दोरीवरून लोंबणाऱ्या पदकाचं चित्र दाखवून त्याचं अभिनंदन केलं, तेही त्यानं मला फक्त दोनदाच दाखवलं.

चंद्र दिसला, तात्यांच्या घरून आलेले उकडीचे मोदक खाल्ले, आणि मी कोमट पाण्यात पाय सोडून बसलो असताना मित्राचा फोन आला.

‘काय, गेला होतास का पाडल्याला? स्वर्ग की नाही?’

‘तू कधी गेला होतास रे तिकडून?’

‘मी? छे रे! माझे गुडघे माहितीयेत ना तुला? तात्या सांगतात ना, जवळच आहे म्हणून.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खळ्यात आले. रंगपंचमी होती, कपाळाला गुलाल. माझ्या पायांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग खांबापाशी पालथ्या पडलेल्या एकट्या फ्लोटरकडे पाहिलं, आणि काही न बोलता सुपारी काढली.

‘आज पंचमी,’ बायको चहा देत म्हणाली. ‘करा गणित.’

‘पाच पाऊण पावणेचार,’ मी लगेच म्हटलं. पाऊणकी अजून पाठ आहे.

‘मग पावणेचारला काय?’

‘झोप,’ मी म्हटलं.