शिळेइतकेच महत्त्व बांधांनाही द्यावे

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या ट्रेरिन डिनास या लोहयुगीन किल्ल्यावरील लेखात बहुतेक जागा ‘लॉगन रॉक’ या डुलणाऱ्या शिळेलाच दिली गेली, याची खंत वाटली. तीन बाजूंना समुद्र आणि ग्रॅनाइटचे कडे असल्याने तेथील लोकांनी फक्त जमिनीकडची बाजू अडवली, आणि त्यासाठी एकामागे एक घातलेले बांध व खंदक आज गवताखाली नुसते उंचवटे वाटले, तरी किल्ला म्हणजे मुख्यतः तेच आहेत. विजयदुर्गाच्या जमिनीकडील खंदकामागेही हाच विचार होता. १८२४ मध्ये नौदलाच्या लेफ्टनंट गोल्डस्मिथने पाडलेली ‘लॉगन रॉक’ शिळा लोकक्षोभामुळे त्याच वर्षी पुन्हा बसवली गेली. पावलांखाली झिजणाऱ्या बांधांबद्दलही तेवढ्याच आस्थेने लिहावे, ही कळकळीची विनंती.