देवसहायम यांच्या नावातले ‘पिल्लै’ गेले, ते योग्यच झाले

पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी देवसहायम यांना संतपद बहाल केले, तेव्हा बहुतेक बातम्यांचा भर ‘पहिले भारतीय प्रापंचिक संत’ या बिरुदावरच होता. (वसईचे गोन्सालो गार्सिया १८६२ पासून संत आहेत, पण ते फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू; देवसहायम हे संसारी गृहस्थ आणि त्रावणकोर दरबारचे नोकर.) मला त्या बिरुदाहून मोलाचे वाटते ते हे की, २०१२ मध्ये त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करताना नावात असलेले ‘पिल्लै’ हे जातिवाचक उपपद व्हॅटिकनने या वेळी वगळले.

१७१२ मध्ये नट्टालम येथे नायर कुटुंबात जन्मलेल्या नीलकंठ पिल्लै यांना (हेच पुढे देवसहायम) ख्रिस्ताची ओळख करून दिली ती डी लॅनॉय या डच सेनानीने, जो १७४१ च्या कोलाचेलच्या लढाईत कैद झाला आणि पुढे त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांचे सैन्य घडवू लागला. १७४५ मध्ये वडक्कनकुलम येथे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंकडून नीलकंठ यांनी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतला, पत्नीनेही घेतला. त्यानंतर खालच्या मानलेल्या जातींच्या लोकांमध्ये ते उघडपणे मिसळू लागले, आणि उच्चवर्णीय दरबाऱ्यांना हेच अधिक झोंबले असावे, असे मला वाटते. छळाच्या कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ख्रिस्तसभेच्या परंपरेनुसार मात्र १७४९ मध्ये अटक झाल्यावर गळ्यात रुईच्या फुलांची माळ घालून त्यांना रेड्यावर उलटे बसवून गावोगावी फिरवले, फटके मारले आणि जखमांवर तिखट चोळले. १४ जानेवारी १७५२ रोजी अरलवायमोळीजवळच्या काट्टाडिमलै येथे त्यांना गोळ्या घातल्या. कोट्टारच्या संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

उपपद वगळल्याने इतिहास पुसला जातो, हा आक्षेप मला पटत नाही. चरित्रात ‘पिल्लै’ राहणारच, राहायलाच हवे. वेदीवर त्याचे काम नाही. ज्या वडक्कनकुलममध्ये या रक्तसाक्षीचा (श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्याचा) स्नानसंस्कार झाला, तिथेच १९व्या शतकात दोन जातींनी एकमेकींच्या दृष्टीस न पडता मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकावी म्हणून विजारीच्या दोन पायांसारखे दुभंगलेले चर्च उभारले गेले होते. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमी आजही वेगळी आहे. अशा धर्मग्रामांनी (चर्चच्या स्थानिक समुदायांनी) देवसहायम यांची तसबीर लावण्याआधी दोन दफनभूमींमधली भिंत पाडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.