दादाची तिसरी कादंबरी

माझ्या मावसभावाची दुसरी रहस्यकादंबरी मला इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मिळाली ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पीडीएफ होऊन. पाठवणाऱ्या मैत्रिणीला लेखक माझा भाऊ आहे हे ठाऊक नव्हतं. 'रात्री दोनपर्यंत जागून संपवली, नक्की वाचा,' असं तिने मनापासून लिहिलं होतं. खाली भराभर अंगठे उमटले आणि कुणीतरी विचारलं, 'याची आधीची आहे का कुणाकडे?'

मी दादाला फोन लावला. त्याच्याकडे ती पीडीएफ चार ठिकाणांहून आली होती. त्याच आठवड्यात प्रकाशकाकडून वर्षाचा हिशेबही आला होता: विकलेल्या प्रती १४२. दादा बँकेत नोकरी करतो, पहाटे उठून लिहितो, एका कादंबरीला त्याची दोन वर्षं जातात. "लोकांना आवडतंय हे दिसतंय गं," तो म्हणाला. "मग तिसरी कुणाच्या भरवशावर लिहू, एवढंच कळत नाही."

तिकडे महाराष्ट्रात मराठी पुस्तकांच्या खपावर चर्चा झाली की दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, मराठी वाचक संपला. मुलं इंग्रजी शाळांत गेली, हजाराची आवृत्ती पाचशेवर आली, आता तर मागणी येईल तशा प्रती छापतात. दुसरी म्हणते, वाचक आहे तिथेच आहे. तो मोबाइलवर वाचतो, कानाला लावून ऐकतो, लेखक-प्रकाशकच मागे राहिले. या दोन्ही बाजूंना मला दादाची पीडीएफ दाखवावीशी वाटते. ती दोन वाजेपर्यंत जागवते, म्हणजे वाचक आहे. ती मोबाइलवरच वाचली जाते, म्हणजे माध्यमही नवं आहे. तरी हिशेबात आकडा १४२च. वाचकाचं प्रेम कुठेतरी मोजलं गेलं पाहिजे, लेखकाला आणि त्याचं पुढचं पुस्तक काढायचं की नाही हे ठरवणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. हे माझं मत इथे येऊन बनलं.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त असते, कारण तो एका पुस्तकाने उभा राहत नाही. वाचक त्याच्या तपास करणाऱ्या माणसाशी नातं जोडतो आणि ते जुळायला तीन-चार पुस्तकं लागतात. एडिंबरोच्या इयन रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस १९८७ साली पहिल्यांदा आला. त्याला मोठं यश आणि गोल्ड डॅगर हा मानाचा पुरस्कार मिळाला तो मालिकेतल्या आठव्या कादंबरीने, १९९७ साली. मधली दहा वर्षं कुणीतरी ती पुस्तकं काढत होतं आणि कुणीतरी वाचत होतं. आज इथेही कुठला प्रकाशक आठव्या पुस्तकापर्यंत थांबेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाचा खप पाहून मालिका बंद केल्याच्या गोष्टी इथे नेहमी ऐकू येतात.

त्यातली एक मी जवळून पाहिली. आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमतो. बहुतेक जण निवृत्त, आणि गुन्हेकथांवर सगळ्यांचा जीव. एकदा आम्ही एका लेखिकेला बोलावलं होतं. चार पुस्तकांनंतर प्रकाशकाने तिची मालिका थांबवली होती. पाचवं अर्धं लिहून तिने बाजूला ठेवलंय, असं ती बोलता बोलता म्हणाली. खोलीत क्षणभर शांतता झाली. मग ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी विचारलं, "तुमच्या त्या निलंबित सार्जंटचं पुढे काय झालं, हे मला कळायला हवं. किती दिवस लागतील?" त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापले पत्ते दिले. पाचवं पुस्तक तिने स्वतःच छापलं. आम्ही आगाऊ पैसे भरले आणि वाचनालयाच्या मागणीपत्रकावर ते नाव लिहिलं, एकाने नव्हे, प्रत्येकाने वेगवेगळं. वाचनालयाने प्रती घेतल्या. आता ती सहावं लिहिते आहे.

ते मागणीपत्रक मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे वाचनालयातून पुस्तक घरी नेलं की लेखकाला पैसे मिळतात. त्यासाठी १९७९चा कायदा आहे. तो व्हावा म्हणून लेखकांनी अनेक वर्षं चळवळ केली. निवडक वाचनालयांतल्या नोंदींवरून देशभराचा अंदाज बांधतात आणि दर उसनवारीमागे काही पेन्स लेखकाच्या नावावर जमा करतात. एका लेखकाला वर्षाला ६६०० पौंडांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे खपाऊ लेखकच सगळा निधी नेत नाहीत. २०१८पासून वाचनालयातून घेतलेली ई-बुकं आणि ऑडिओबुकंही यात मोजतात. सर्वाधिक नेल्या जाणाऱ्या पुस्तकांत वर्षानुवर्षं गुन्हेकथा आघाडीवर असतात. म्हणजे पुस्तक विकत घेणं न परवडणारी पेन्शनर बाईसुद्धा आपल्या आवडत्या लेखकाला थोडे पैसे मिळवून देते.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कामाचा निदान निम्मा वेळ लेखनाला देणाऱ्यांच्या कमाईची पाहणी इथे होते. २००६ साली लेखनातून होणारी त्यांची मध्यक कमाई (म्हणजे निम्म्या जणांची याहून कमी) वर्षाला १२,३३० पौंड होती, २०२२मध्ये ती ७,००० पौंडांवर आली. एवढ्यात इथे घरभाडंही भागत नाही. गेल्या पंधरा वर्षांत शेकडो वाचनालयं बंद झाली, आमचंही दोनदा बंद पडता पडता राहिलं. किंडल अनलिमिटेड या मासिक वर्गणीच्या ई-बुक योजनेत २०१५पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे देतात. रहस्यकथेला ते सोयीचं वाटतं खरं, पण त्या हिशेबाने पानं वाढवणारे लेखकही मी वाचले आहेत आणि मला ते आवडत नाहीत. चांगली रहस्यकथा आखूडच असते.

आता महाराष्ट्राकडे बघते. १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे आहे. अनुदान घेणारी हजारो वाचनालयं गावोगाव आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत आणि देवघेवीची नोंद प्रत्येकाला ठेवावी लागते. कुठलं पुस्तक किती वेळा गेलं हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्या आकड्याचा एक पैसाही लेखकापर्यंत जात नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांचीही संख्या हजाराच्या पुढे. माझ्या आईच्या पिढीने अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय वाचनालयातून रांगा लावून नेले. एकेक प्रत शंभर हातांतून फिरली. त्या काळी हस्तलिखित एकरकमी विकून टाकायची पद्धत होती, म्हणजे प्रत कितीही हातांतून फिरली तरी लेखकाला त्याचा काही उपयोग नव्हता. आजची पीडीएफ तीच सवय पुढे चालवते, फक्त आता शंभराचे दहा हजार होतात. या लेखकांच्या लिखाणाला साहित्य म्हणायचं की नाही यावर आपण इतकी वर्षं बोललो आणि त्यांचं घर कसं चालतं हे विचारायचं राहून गेलं, याचं मला वाईट वाटतं.

वाचकांनी आधी पैसे भरून पुस्तक उभं करायचं, हे लीड्सच्या त्या खोलीत मला नवं वाटलं नाही. प्रकाशनपूर्व सवलत योजना मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ग्रंथालीने तर सत्तरच्या दशकात वाचकांचीच चळवळ उभी केली. नाशिकहून २००९ साली निघालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेच्या, देणग्यांतून भरलेल्या पुस्तकांच्या पेट्या दुबईसह परदेशातल्या किती तरी घरांत पोचल्या. चरित्रं, वैचारिक ग्रंथ, कविता यांसाठी आपण हे करतो. रहस्यकथेसाठी कुणी प्रकाशनपूर्व नोंदणी केलेली मी पाहिली नाही. ती 'टाइमपास'ची गोष्ट, विकत कशाला घ्यायची, असं आपल्या मनात कुठेतरी बसलं आहे.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र इथल्यापेक्षा चांगली आहे. मराठी पुस्तकात बऱ्याचदा लेखकाचा पत्ता आणि फोन नंबर छापलेला असतो आणि वाचक खरोखर फोन करतात. दादाला असाच एका निवृत्त हवालदारांचा फोन आला. पहिली पाच मिनिटं कौतुक, पुढची चाळीस मिनिटं चुका. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, खुनाला आता ३०२ नाही, कलम १०३ लागतं. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्या गोष्टीतला बदललेला पंचनामा या दिवसांत असा सहजासहजी बदलता येणार नाही. दादाने तो सगळा फोन वहीत उतरवून घेतला. १४२ प्रतींचा हिशेब आल्यावरही तो पहाटे उठत राहिला त्यात या फोनचा मोठा वाटा आहे, असं तो स्वतः सांगतो. तिकडचं हे प्रोत्साहन आणि इकडचं ते मागणीपत्रक, दोन्ही एका लेखकाला एकाच वेळी मिळालं तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

शाळेच्या ग्रुपवर मी शेवटी लिहिलं. हा माझा भाऊ, वर्षभरात १४२ प्रती गेल्या, आणि हेच पुस्तक किंडलवरही विकत मिळतं, असं एवढंच. कुणाला बोल लावला नाही. तासभर कुणी काहीच लिहिलं नाही. मग पीडीएफ पाठवणाऱ्या मैत्रिणीने ती काढून टाकली आणि मला वेगळा निरोप केला: "मला खरंच सुचलं नव्हतं गं. दोन्ही मागवल्या." त्या रात्री आणखी सात जणांनी मागवल्या. इचलकरंजीच्या एका वर्गमित्राने त्याच्या वाचनालयाच्या समितीला दोन्ही पुस्तकांच्या प्रती घ्यायला अर्ज दिला. तिसऱ्या पुस्तकासाठी आम्ही प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू केली आहे, आतापर्यंत ६३ नावं आली.

परवा दादाने सहावं प्रकरण पाठवलं. त्यात झडतीचं चित्रीकरण करताना शिपायाच्या मोबाइलची बॅटरी संपते आणि नेमकी तेवढीच चार मिनिटं पुढे कोर्टात कळीची ठरतात. हवालदारकाकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून रविवारी फोन करतो म्हणालेत.