एकच चिठ्ठी, गावभर फिरते

झोपेच्या आणि जबर वेदनाशामक गोळ्यांची प्रत्येक विक्री ऑनलाइन नोंदवावी, असं एका लेखात वाचलं. मिरजेत माझं मेडिकल आहे आणि मला हे अगदी पटतं. २०१४ पासून शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद सक्तीची असलेल्या औषधांचं रजिस्टर आम्ही ठेवतो. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग सगळं लिहायचं आणि ३ वर्षं जपायचं. पण ते पडून असतं माझ्याच काउंटरखाली.

गेल्या पावसाळ्यात विशीतला एक पोरगा अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळीची चिठ्ठी घेऊन आला. घडीवर कागद विरलेला, कोपऱ्यात कुठल्याशा दुकानाचा शिक्का, तोही पाण्याने पुसलेला. म्हणजे त्या चिठ्ठीवर गोळ्या आधीच घेतलेल्या. मी गोळ्या दिल्या नाहीत, तर तो पलीकडच्या गल्लीत गेला. तिथे मिळाल्या का, कोण सांगणार? बिलं आम्ही सगळेच कॉम्प्युटरवर करतो, पण एकाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. अमेरिकेत डॉक्टरला अशी गोळी लिहिण्याआधी पेशंटने ती आधी कुठून, किती घेतली हे बघता येतं.

फक्त एक कळकळीची विनंती. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन या जबर वेदनाशामकासाठी आधीच वणवण करावी लागते, नव्या नोंदीपायी त्यांना आणखी ताटकळत ठेवू नका. आणि मानसोपचार घेणाऱ्यांची नावं बाहेर फुटता कामा नयेत.