परिचय, एका पानात

"काका, तुमचा परिचय पाठवा. एका पानात. शुक्रवारपर्यंत," गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी गाडी बंद न करताच म्हणाला. मला पंचाहत्तर पूर्ण झाल्याचं कुणीतरी फोडलं होतं आणि शिक्षा म्हणून माझा सत्कार ठरला होता.

तसा सांगलीत सत्काराला तोटा नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून दर घरात एक नट आणि दोन समीक्षक निपजतात. 5 नोव्हेंबरला भावे गौरवपदक मिळतं ते खऱ्या मोठ्या माणसांना. त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. माझा सत्कार मांडवात, आरतीनंतर, प्रसाद संपायच्या आत.

परिचयासाठी छापील तक्ता आला होता. 'भूषविलेली पदे' या रकान्यापाशीच मी अडकलो. चार महिने एका नाट्यसंस्थेचा खजिनदार होतो. खजिना कधी दिसला नाही.

"पुरावे बघून लिहा की," ही म्हणाली. हिला माहीत होतं पुरावे कुठे आहेत ते. आम्ही गावभागात राहतो, म्हणजे कृष्णामाईच्या वाटेतच. 2005 साली ती पलंगापर्यंत आली, तेव्हा माझ्या कलाजीवनाची पत्र्याची ट्रंक मी माळ्यावर चढवली. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45) आणि माईने माळाही पाहून घेतला. मागच्या खोलीत भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. ती रंगवायची म्हणून ही दर दिवाळीला आठवण करते आणि मी दर दिवाळीला 'इतिहास आहे तो' म्हणतो.

तर ट्रंकेतली भाषणं, संहिता, कौतुकाची पत्रं, सगळं शाईचं. दोरीवर वाळत घातलं तेव्हा नुसते निळे ढग. वाचण्याजोगी एकच वही उरली, कारण ती शिसपेन्सिलीने लिहिलेली होती: पथनाट्याच्या दौऱ्याचा जमाखर्च. 'मैदा (खळीला) 1 किलो. गेरू. चहा 14. चहा 11. ढोलकीवाल्याची चप्पल हरवली, रु. 9. चहा 16, पैकी उधार 16.' अख्ख्या तारुण्याचा एवढाच दस्तऐवज. त्यातही जमेची बाजू कोरी.

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे मला भूमिका कमी आणि भिंती जास्त मिळाल्या. 1972 च्या दुष्काळाचे दिवस, गावची विहीर दलितांनाही खुली व्हावी म्हणून चाललेल्या बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीने आम्ही भारावलेले. एका गावात ती घोषणा गेरूने हातभर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतली. 'एक गाव एक पाण' इथवर आलो आणि भिंत संपली. पुढची भिंत ज्याची होती त्याला घोषणाच मान्य नव्हती. 'वठा' राहिला तो राहिलाच. तिथल्या बोलीत 'ण' चालत नाही, त्यामुळे गावाने ते 'पान' असं वाचलं. स्टँडवरचा पानपट्टीवाला एवढा खूश, की आम्हा सगळ्यांना फुकट बनारसी खिलवलं. जमेच्या बाजूला हे तरी लिहायला हवं होतं.

आणि ते जत तालुक्यातलं गाव. पाणीप्रश्नावरचं नाटक होतं, म्हणून टेम्पोवर मोठं पिंप बांधलेलं, नेपथ्य म्हणून. वेशीत शिरलो तर ही गर्दी! घागरी, हंडे, कळश्या, मारुतीच्या पारापर्यंत रांग. माझ्या आयुष्यातला एकमेव हाउसफुल्ल. पिंप रिकामं आहे हे कळायला पाच मिनिटं लागली. तरी माणसं उठली नाहीत, घागरी पालथ्या घालून त्यांवर बसून नाटक बघितलं. शेवटी एक आजी जवळ आल्या, "न्हाटक बेस झालं लेकरा. पर टँकर कवा येतूया?" राज्य नाट्य स्पर्धेच्या परीक्षकांनी माझ्या नाटकांवर बरंच काही म्हटलंय, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

हे तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायचं? शेवटी गुरुवारी रात्री 'ज्येष्ठ रंगकर्मी, समाजकार्याची आवड' एवढं लिहून पाठवून दिलं. आवड! 'छंद: पोहणे' म्हणावं तसं वाटलं, पण झोप आली होती.

शनिवारी सकाळी दूध आणायला गेलो तर कोपऱ्यावर माझा फ्लेक्स. फोटो आधार कार्डावरचा असावा, कारण चेहरा नुकत्याच पकडलेल्या माणसाचा. खाली ठसठशीत अक्षरांत, 'ज्येष्ठ रंगकामी, समाजकार्याची आवड'.

तडक सेक्रेटरीला फोन लावला. तो म्हणाला, "काका, एका अक्षराचा तर फरक हाय. परत छापायचं म्हंजे खर्च."

तोवर हिने पिशवी खाली ठेवून फ्लेक्स वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"काही चुकलेलं नाही," ही म्हणाली. "ब्रश मोरीवरच्या फळीवर आहे. मागच्या खोलीला कधी हात घालताय?"