सही बारींची, पण हात कुणाचा?

जुन्या प्राणीशिल्पांविषयी एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय की, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ब्राँझ सिंह-घोड्यांवर शिल्पकाराची सही असेल तर ते त्याच्याच हातचं, हिरवट रंग म्हणजे नक्की जुनं आणि जड लागलं की ब्राँझच. वर शेराही आहे: ही प्राणीशिल्पं करणारे लोक दिवाणखाने सजवणारे कारागीर होते, खरे शिल्पकार नव्हेत. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी सही, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते तिथेच. सही मूळ नमुन्यातच असते, त्यामुळे त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर ती उमटते. फ्रेंच प्राणीशिल्पकार आंत्वान-लुई बारी 1848 मध्ये कर्जात बुडाले आणि त्यांचे नमुने ओतशाळावाले एमिल मार्तँ यांच्या ताब्यात गेले. 1875 मध्ये बारी वारले. त्यानंतरच्या लिलावात बार्बेदिएन ओतशाळेने त्यांचे बरेच नमुने घेतले आणि त्यावरून शिल्पं ओतली. ही ओतकामं उत्तम आहेत, कायदेशीर आहेत, पण त्यांना बारींचा हात लागलेला नाही.

खरा घोळ त्यापुढचा. तयार ब्राँझवरूनच कुणी नवा साचा काढतो. सही येतेच, पण धातू थंड होताना आकसतो, म्हणून ही प्रत थोडी लहान भरते. त्याच काळातले प्राणीशिल्पकार पिएर-ज्यूल मेन यांचा घोडा जवळून पाहा: चांगल्या प्रतीत आयाळीची बट न् बट सुटी दिसते, लगामाची कड धारदार असते. नकलेत बटा एकमेकींत विरघळतात, सहीची अक्षरंही बोथट होतात. म्हणून सही वाचण्याआधी मापं घ्या आणि नोंदलेल्या मापांशी ताडून पाहा.

हिरवा रंग आम्ल, क्षार आणि उष्णता वापरून मुद्दाम चढवतात. तो नव्या तुकड्यावरही येतो. वजनाचं तर बोलायलाच नको. जस्ताच्या ओतीव मूर्तीलाही ब्राँझसारखा रंग देतात. तळाला न दिसेल असा बारीक ओरखडा काढला की ब्राँझ पिवळसर निघतं, जस्त रुपेरी-करडं.

‘सजावटीचे कारागीर’ हा शेरा मला सर्वांत जास्त खटकतो. बारी आणि चित्रकार दलाक्र्वा पॅरिसच्या जार्दाँ दे प्लाँत या प्राणी-वनस्पती उद्यानामध्ये मेलेल्या सिंहाची मापं घेत, स्नायू अभ्यासत. त्यातून ‘सापाला चिरडणारा सिंह’ उभा राहिला: ओठ मागे ओढलेले, नखं बाहेर, पंजाखालचा साप मान उंचावून फूत्कारतोय. तरीही 1837 मध्ये सलोन या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या परीक्षकांनी बारींचा ओर्लेआँच्या ड्यूकसाठी केलेला शिल्पसमूह नाकारला, म्हणजे हा तिरस्कार तेव्हापासूनचा. पुढे 1854 मध्ये तेच बारी त्याच उद्यानाच्या संग्रहालयात चित्रकलेचे प्राध्यापक झाले. पुढे विख्यात शिल्पकार झालेले रोदँ तरुणपणी त्यांच्या वर्गात बसत.