अंडी घाटावरून का येतात: एका फॉरवर्डचा हिशेब

वाडीच्या, गावाच्या, मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर हाच: "कोकणात रोज ट्रक भरून अंडी घाटावरून उतरतात, कारण कोकणी माणूस आळशी. १०० गावठी कोंबड्या पाळा. अंडं १० रुपयांना जातं, म्हणजे रोजचे १,००० आणि महिन्याचे ३०,०००. खाद्याचा खर्च नाही, कोंबडी परसात चरते. गावठी काटक, तिला रोग नाही. गिऱ्हाईक बाराही महिने. वर सरकार २५ लाख देतं."

अंडी घाटावरून येतात, हे खरं. आळसाचं मात्र खोटं. खरं कारण मका आहे.

पांढरी अंडी देणारी लेअर कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. डझनभर अंड्यांमागे दीड-पावणेदोन किलो खाद्य लागतं आणि त्या डझनाचं वजन भरतं साधारण ६५० ग्रॅम. खाद्यात निम्म्याहून जास्त मका, त्याखालोखाल सोयाबीनची पेंड. दोन्ही पिकं घाटावरची, आपल्याकडे भात आणि नाचणी. म्हणजे कोकणात अंडी तयार करायची तर अंड्यांच्या वजनाच्या अडीचपट माल आंबा घाटातून नाहीतर कुंभार्लीतून खाली आणावा लागणार. त्यापेक्षा तयार ट्रे उतरवणं स्वस्त. शिवाय वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात साठवलेल्या मक्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं.

आळसाचं म्हणाल तर रायगडात ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या शेड कुणी उभ्या केल्या? जिवंत कोंबडी लांबच्या प्रवासात वजन गमावते, काही वाटेतच मरतात. म्हणून ती खाणाऱ्यांच्या जवळ, मुंबईच्या अंगाला वाढवली जाते. अंडं तेवढं नाजूक नाही, ते मक्याजवळ तयार होतं. ब्रॉयलरवाल्याचं रडगाणं वेगळं: पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड, वीज आणि राबणं याचं, हातात किलोमागे ठरलेली मजुरी. जून २०२०च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले तेही याचेच. आळशी माणूस या भानगडीत पडेल कशाला?

दराचंही लक्षात घ्या. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी १९८२पासून आहे. ती रोज शहरवार शेकडा अंड्यांचा दर सुचवते. सुचवते, बांधून देत नाही. चिपळूणच्या किंवा कणकवलीच्या दुकानदाराला त्या दराच्या आसपास सुटलेला माल दारात मिळतो. त्याच्याशी पांढऱ्या अंड्यात टक्कर द्यायची, तीही घाट उतरून आलेला मका घालून, हे जमणारं गणित नाही.

आता ते ३०,००० रुपये. यात प्रत्येक कोंबडी रोज अंडं देते असं धरलंय. ज्याच्या घरी खुराडं आहे त्याला इथेच हसू येईल. अस्सल गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. वर्षाची ५०-८० अंडी झाली तर खूप. ६० धरली तर १०० कोंबड्यांची वर्षाला ६,०००. १० रुपयांनी ६०,०००, म्हणजे महिना ५,०००, आणि यातून अजून एक पैसाही खर्च वजा केलेला नाही. वनराज, गिरीराज, कावेरी या सुधारित जाती जास्त देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे पुढच्या खेपेची पिल्लं विकत आणावी लागतात.

"परसात चरते" हे दहा-पंधरा कोंबड्यांना लागू. शितं, कणी, कोंडा, वाळवी, गांडुळं यावर तेवढ्या निघतात. १०० सोडल्या की थोड्या दिवसांत परस उजाड, आणि मग मोर्चा शेजाऱ्याच्या तरव्याकडे, भाताच्या कोवळ्या रोपांकडे. जूनमध्ये कुणाच्या तरव्यात कोंबड्या शिरल्या की काय होतं ते सांगायला नको. कोंडून ठेवल्या तर प्रत्येकी १०० ग्रॅम धरा: रोज १० किलो, महिन्याला ३०० किलो. किलोला ३० रुपये पकडले तरी ९,०००. उत्पन्न ५,०००.

"गिऱ्हाईक बाराही महिने" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कोकणातलं कॅलेंडर पाहिलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. आषाढात अंडी आणि कोंबडी दोन्ही उठतात, दिव्याच्या अवसेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पुढे गणपती, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. ज्यांना श्रावण नाही त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये होड्या परत समुद्रात गेलेल्या असतात, आणि बांगडा स्वस्त असताना अंड्याला कोण विचारतो! कोंबडीला श्रावण कळत नाही, ती खातच राहते.

गावठीत पैसा आहे. तो अंड्यात नाही, कोंबड्यात आहे. शिमग्याला, जत्रेला, देवाच्या राखणीला नर लागतो, आणि त्या दिवशी कुणी घासाघीस करत नाही. मे महिन्यात चाकरमानी आणि तारकर्ली-गुहागरचे पर्यटक कोंबडी-वडे मागतात. गावठी नर भरायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे शिमग्याच्या मालासाठी पिल्लं गणपतीच्या आगेमागे निघायला हवीत, ऐन ओल्या दिवसांत. अडचण आहे, पण मेहनत घालायची तर इथे.

काटकपणाबद्दल थोडक्यात. राणीखेत रोगाची साथ आली की गावठीही पटापट मरते. लस स्वस्त आहे, पण १०० डोसांची कुपी एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून अख्ख्या वाडीने एकाच दिवशी टोचून घेतलं तरच परवडतं. मुंगूस आणि घार यांचा वाटा वेगळाच. बर्ड फ्लू म्हणजे घाटावरची भानगड असं समजणाऱ्यांनी जानेवारी २०२५चं उरण तालुक्यातलं चिरनेर आठवावं. बाधित जागेच्या एक किलोमीटर परिघात परसातल्या कोंबड्याही मारल्या जातात. भरपाई मिळते ती मारलेल्यांची, आधीच मेलेल्यांची नाही.

राहिले २५ लाख. २०२१पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला ५० टक्के अनुदान आहे, कमाल २५ लाख. पण ते किमान १,००० माद्या आणि १०० नरांचा पैदास कळप, उबवणी केंद्र आणि पिल्लं वाढवायची सोय अशा पूर्ण प्रकल्पाला. २५ लाख हवे असतील तर प्रकल्प ५० लाखांचा, उरलेले स्वतःचे नाहीतर बँकेचे. १०० कोंबड्यांवाला यात बसत नाही. त्याच्यासाठी पशुसंवर्धनाची दुसरी योजना आहे, २५ तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या माद्या) आणि ३ नरांचा गट, निम्म्या किमतीत. चौकशी पंचायत समितीत करा. आणि गट कोणत्या महिन्यात हातात पडणार हे अर्ज देतानाच विचारा, कारण जूनमध्ये आला तर आधी खुराडं शाकारावं लागेल.